फ्लॅशनं पांढरं पडलेलं कपाळ आणि डोळ्यांत खुपणारी जर: फोटो कसा सुधारू?

तुम्ही लिहिलंय की आईच्या साठीच्या फोटोत कपाळ फ्लॅशनं पांढरंफटक झालंय, पदराची जर नजर ओढते, खांद्यावरची सेफ्टी पिन दिसते आणि मोबाइलवर ‘सगळं साफ’ करायचंय. ‘सगळं साफ’ वाचलं आणि आमचे दाजी आठवले.

मी खानापूर भागात लग्नाचे फोटो काढतो. आत्तीच्या नातवाच्या लग्नात दाजी नवा कॅमेरा घेऊन आलेले, वर भलामोठा फ्लॅश चढवलेला. आत्ती इरकल नेसलेली, लाल टोपपदर डोक्यावरनं घेतलेला, नुकती जेवून उठलेली, कपाळ घामानं ओलं. दाजींनी तिला भिंतीला टेकवून उभी केली. मी म्हटलं, “सोप्याच्या दारात बसवूया की, उजेड चांगला हाय, फ्लॅश लागत न्हाई.” तर म्हणाले, “तुझं जुनं झालं. आता कंप्युटरवर सगळं होतंय.” आणि तीन फुटांवरनं थेट तोंडावर मारला. यायचं तेच आलं: कपाळावर आरशाचा तुकडा, गालावर पदराच्या रेशमाची लाली, मागं भिंतीवर काळी सावली.

मग दाजींनी तो फोटो कुणाकडून तरी ‘करवून’ फ्रेम करून आणला. कपाळ गुळगुळीत, सुरकुत्या गायब, पदर मातकट. आणि हनुवटीवरचं तीन ठिपक्यांचं गोंदणही गेलेलं! डाग समजून पुसलं. आत्तीनं फ्रेम उजेडात धरली आणि विचारलं, “माझं गोंदण कुठं गेलं रे? मेल्यावर तेवढंच संगं येतंय म्हणत्यात, ते पण पुसलंसा?” दाजींचं म्हणणं अजून तेच, फोटो ‘क्लीन’ दिसतोय.

तर तुमचं काम. पिन, लोंबता दोरा, ब्लाउजची बाहेर आलेली पट्टी ही खरी अडगळ. स्नॅपसीड या मोबाइल ॲपमध्ये हीलिंग टूलनं एका मिनिटात जाते, फोटो मोठा करून बोट लहान जागी फिरवा. पदराची जर मात्र पुसू नका. त्याच ॲपातल्या सिलेक्टिव्ह टूलचा ठिपका जरीवर ठेवून ब्राइटनेस (उजेड) आणि सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) थोडं उतरवा, एवढ्यानं नजर परत चेहऱ्यावर येते. कपाळाचंही तसंच, पण चकाकी पूर्ण पांढरी झाली असेल तर तिथं कातडीचा रंगच उरलेला नसतो. कितीही ओढा, भस्म फासल्यासारखी राखाडी होते. तिथं फोटोशॉपच लागतं: वेगळ्या लेयरवर (फोटोवरच्या वेगळ्या थरावर) क्लोन स्टँप, म्हणजे एका जागेचा रंग उचलून दुसरीकडं लावणारं टूल, मोड डार्कन, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) पंधरा-वीस टक्के, कातडी शेजारच्या भागातनं उचलायची आणि हळूहळू चढवायची. थोडी चमक राहू दे. जिवंत माणसाचं कपाळ चमकतंच. ‘ब्यूटी’वालं बटण दाबलं तर तुमच्या आईची तुम्हीच आत्ती केलीत समजा.

पुढच्या वेळी जेवणानंतर आधी रुमालानं तोंड टिपायला सांगा. भिंतीपासून चार-पाच फूट पुढं घ्या म्हणजे सावली मागं चिकटत नाही. फ्लॅश वर वळवून छतावर मारतात ते स्लॅबच्या पांढऱ्या घरात ठीक. आमच्याकडच्या कौलारू घरात छत उंच, काळपट-तांबडं. उजेड वरच विरतो, उरला तो तांबूस होऊन खाली येतो. मी थर्माकोलची शीट धरायला लावतो आणि फ्लॅश तिच्यावर मारतो. पोरं हसतात, हसू देत.

हां, एक राहिलं. व्हॉट्सॲपवरनं आलेल्या फोटोवर ही मेहनत करू नका, त्यात आधीच सगळं दाबलेलं असतं. काढणाऱ्याकडून मूळ फाइल मागा, रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं काही न दाबता ठेवलेली फाइल, असेल तर उत्तमच, कपाळ बरंचसं परत येतं. आणि फ्लॅश म्हणजे पाप असंही नाही, रात्रीच्या वरातीत मीही समोरनंच मारतो, दुसरा इलाज नसतो.

मूळ फाइलवरनं आठवलं. दाजी, तुम्ही इथं वाचता हे मला माहीत आहे. आत्ती जाऊन दोन वर्षं झाली. त्या दिवशीची फाइल तुमच्या जुन्या कंप्युटरात असणार, पुसायच्या आधीची. चारदा मागितली. पेनड्राइव्ह अक्काकडं देऊन ठेवलाय.