मित्राच्या 'स्टार्टअप'मध्ये अर्धी बचत टाकू का?

तुम्ही लिहिलंय की मित्र अकाउंट्स आणि टॅक्स फाइलिंगची फर्म काढतोय, 'स्टार्टअप आहे, 10 टक्के हिस्सा देतो' म्हणतोय, आणि तुम्ही अर्धी बचत त्यात घालायच्या विचारात आहात.

मी त्या शब्दापाशीच अडकलो. हल्ली कुणीही काहीही नवीन काढलं की स्टार्टअप, बोलायला ठीकय, पण पैसे टाकताना नाही चालत. अमेरिकन उद्योजक आणि शिक्षक स्टीव्ह ब्लँक यांच्या व्याख्येप्रमाणे स्टार्टअप म्हणजे परत परत चालेल आणि मोठं करता येईल असं बिझनेस मॉडेल शोधणारी तात्पुरती संस्था, म्हणजे कमाई नक्की कशातून होणार हेच अजून सापडायचं असतं. स्टार्टअपमध्ये पैसे गुंतवणाऱ्या 'वाय कॉम्बिनेटर'चे सहसंस्थापक पॉल ग्रॅहम तर सरळ वाढच बघतात, आठवड्याला 5 ते 7 टक्के वाढ म्हणजे चांगली. 7 टक्के धरा, वर्षात धंदा जवळपास 34 पट होतो! तुमच्या मित्राचे क्लायंट दुप्पट झाले तर हाताखाली माणसंही जवळपास दुप्पट लागणार. त्यामुळे हा सरळ छोटा धंदा आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. (स्टार्टअप कॉस्ट, म्हणजे सुरुवातीचा खर्च, कुठल्याही धंद्याला असतो, त्यानेही लोकांचा घोळ होतो.)

आता हा शब्दांचा कीस कशाला, तर पैसे परत यायची वाट वेगळी आहे म्हणून. स्टार्टअपमध्ये सहसा नफा वाटत नाहीत, कंपनी कुणी विकत घेतली किंवा शेअर बाजारात आली की हिस्सा विकून पैसे मिळतात, आणि बऱ्याचदा मिळतच नाहीत. इथे तुमचे 10 टक्के विकत घेणार कोण? नफा वाटायचा की नाही हे मित्र ठरवणार आणि तुम्ही नुसते कागदावर मालक. त्यापेक्षा कर्ज द्या, व्याज, हप्ते, तारखा सगळं लेखी. हिस्साच हवा असेल तर दरवर्षी नफा कसा वाटायचा ते करारात घाला, आणि पार्टनर म्हणून सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, साध्या भागीदारीत फर्मचं कर्ज तुमच्याही अंगावर येऊ शकतं.

अर्धी बचत तर अजिबात नको. 6 महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा, उरलेल्यातला बुडाला तरी मैत्री टिकेल एवढाच आकडा.

आणि हो, 10 टक्के म्हणजे तुम्ही देताय त्याच्या 10 पट किंमत त्याने अजून न उघडलेल्या फर्मला लावलीये. ती कशावरून काढली ते विचारा आणि काय म्हणतो ते मला कळवा.