राख संत्र्याला नको, गाळ तपासून कपाशीला

भाऊ, काटोलच्या संत्राबागेत ढाब्यावरची लाकडाची राख आणि सांडपाणी प्रकल्पातला वाळका गाळ कालवून टाकू का, असं विचारलंत. दोन्ही फुकट मिळतं म्हटल्यावर मोह होणारच. मलाही झाला होता.

राखेत पोटॅश असतं, थोडं स्फुरद (फॉस्फरस), आणि सगळ्यात जास्त चुना. नत्र (नायट्रोजन) जळून गेलेलं. गाळाचं उलट: नत्र, स्फुरद बऱ्यापैकी, पोटॅश नावापुरतं. कागदावर जोडी झकास. पण राख शोभते आम्लधर्मी मातीला, कोकणातल्या जांभ्या जमिनीसारख्या. आपली काळी बहुतेक चुनखडीची, सामू (म्हणजे pH) आठच्या आसपास. खात्री हवी तर एका ढेकळावर संडास धुवायच्या अ‍ॅसिडचे चार थेंब टाका. फसफसलं की समजा, चुना आधीच जास्त आहे.

मी बारा झाडांच्या आळ्यांत घमेलं-घमेलं राख टाकली होती. मृगात नवती (नवी पालवी) फुटली ती पिवळी, फक्त शिरांची हिरवी जाळी उरलेली. लोह मातीत होतं, पण सामू चढला की मुळांना ते उचलता येत नाही. हिराकसाच्या, म्हणजे लोहाच्या, फवारण्या करत वर्ष गेलं.

दुसरं, ओल्या गाळात राख मिसळली की नाकात झणझणीत वास जातो. तो अमोनिया. तुमचं नत्रच हवेत चाललेलं असतं!

आता गाळ. नागपूरच्या भांडेवाडी सांडपाणी प्रकल्पात शुद्ध झालेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. पाण्यातून वेगळं काढलेलं गाळात बसतं. त्यात जंतांची अंडी असतात, जड धातूही. म्हणून आधी प्रयोगशाळेचा अहवाल मागा. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम 5 आणि शिसं 100 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, तीच लावून बघा. पास झाला तर काडीकचऱ्यासोबत ढीग लावा, 55 अंशांवर पंधरा दिवस राहू द्या, तेवढ्यात पाच वेळा पलटा. मग कपाशीला टाका. सांबार (कोथिंबीर), मुळा, पालक असल्या कच्च्या खायच्या गोष्टींजवळ मात्र नेऊ नका.

आणि ढाब्यावर दगडी कोळसा किंवा रंगवलेलं लाकूड जळत असेल, तर ती राख कुठल्याच पिकाला नको.

माती परीक्षण केलं असेल तर सामू आणि मुक्त चुना किती आला ते इथं टाका, मग पोटॅश कशातून द्यायचं ते बघू.