विचारा ताईला: दोन पिल्लं आणि गावचा गणपती

श्रावण लागला की मला येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात, शाळा-ॲडमिशन मागे पडतं आणि सगळ्या आया एकच विचारायला लागतात, लहान मुलांना घेऊन सणाला जायचं कसं. यावेळी तीन पत्रं घेतलीयेत, पहिल्याला जास्त जागा देतेय कारण ते वाचून मला रात्री झोप लागली नाही, का ते सांगतेच.

प्रश्न: ताई, आमचं गाव गुहागरजवळ, घरी पाच दिवसांचे गौरी-गणपती. आम्ही राहतो डोंबिवलीला. मोठा अडीच वर्षांचा आहे, धाकटी गणपतीत पाच महिन्यांची होईल. सासूबाई म्हणतात नातवंडांशिवाय सण कसला, आणि माझी आई म्हणते एवढ्याशा बाळाला घेऊन जाऊच नकोस. घरात तेव्हा पंचवीस-तीस माणसं असतात, मुलांना बघायला पुष्कळ जण आहेत, तू टेन्शन घेऊ नकोस असं नवरा म्हणतो. मला मनापासून जायचंय पण भीतीही वाटते. काय करू?

उत्तर: अगं जा, नक्की जा. बाळाची तब्येत बरी असेल, लसी वेळेवर झाल्या असतील आणि तुझ्या डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर पाच महिन्यांचं बाळ प्रवासाला तसं सोपंच असतं, दूध अंगावरचं, म्हणजे बाटल्या उकळा पाणी शोधा हे काही नाही. अवघड जातो तो अडीच वर्षांचा. आणि माझा जीव अडकला तो तुझ्या नवऱ्याच्या त्या वाक्यात, "बघायला पुष्कळ जण आहेत".

माझा मोठा तेव्हा सव्वादोन वर्षांचा आणि धाकटी चार महिन्यांची. असाच भरलेला घरचा गणपती, दुपारची आरती झालेली, मंत्रपुष्पांजली चालू होती आणि मी माजघरात धाकटीला पाजत बसले होते. बाहेर येऊन विचारलं, मोठा कुठाय? सासऱ्यांना वाटलं आत्याकडे, आत्याला वाटलं माझ्यापाशी झोपलाय, नवऱ्याला वाटलं पोरांच्या घोळक्यात असेल. मागच्या अंगणात तो विहिरीच्या कठड्याला पोट टेकून उभा होता, कठडा त्याच्या छातीएवढाच, आणि मुठीतली झेंडूची फुलं एकेक करून आत टाकत होता, प्रत्येक फुलाला "बाप्पा गेला" म्हणत होता. मी हाक मारली नाही, दचकेल म्हणून. मागून जाऊन उचलला. आज तो कॉलेजात आहे पण ती मूठ मला अजून दिसते. तीस माणसं होती गं घरात.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी एक गोष्ट सुरू केली ती मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. त्याचा एक पिवळा पंचा होता, तो ज्याच्या खांद्यावर त्याच्याकडे पोर. पंचा खांद्यावर असला की आरतीला टाळ वाजवायचे नाहीत, पत्ते खेळायचे नाहीत, मोबाईल बघायचा नाही, फक्त पोर. तास-दीड तासाने पंचा दुसऱ्याकडे द्यायचा आणि तोंडाने बोलायचं, "आता हा तुझ्याकडे", समोरच्याने "हो" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. तू गेल्या गेल्या पहिल्याच दिवशी हे सगळ्यांसमोर ठरवून टाक, आणि तू नाही, तुझ्या नवऱ्याने सांगू दे, त्याच्या घरच्यांना त्याने सांगितलेलं लागत नाही. विहिरीवर जाळी आहे का ते आजच फोन करून विचार, नसेल तर बांबूचा का होईना आडोसा करून घ्या. न्हाणीतलं भरलेलं घंगाळ, हौद, मागच्या दारचा पऱ्ह्या म्हणजे ओहोळ, पावसाळ्यात हे सगळं काठोकाठ असतं आणि लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडतं, त्याला खोल पाणी लागत नाही.

आता प्रवास. जमलं तर रेल्वेनेच जा, चिपळूणला उतरून पुढे गाडी करा. रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीचं क्षणात फुल होतं, ते हुकलं असेल तर रेल्वे गणपती स्पेशल सोडते त्यावर लक्ष ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही पण मग वेगळी बर्थही मिळत नाही, तेव्हा पैसे गेले तरी चालतील पण मोठ्यासाठी तिकीट काढून बर्थ घ्या, मांडीवर एक आणि कुशीत एक घेऊन सहा तास बसलीस तर उतरताना तुझी पाठ हातात येईल. गाडीनेच जाणार असाल तर पहाटे चारला निघा, मुलं झोपेतच पनवेल ओलांडतात. आणि बाळाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नकोस, कितीही सोयीचं वाटलं तरी, मागे बेबी सीटमध्येच. घाटात मोठ्याच्या हातात मोबाईल देऊ नका, खाली बघितलं की हमखास उलटी, दोन वर्षांपुढच्या मुलांना गाडी जास्त लागते. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको, सुकी पोळी किंवा खाकरा बरा, आणि एक कपड्यांचा जोड बॅगेत तळाला नको, हाताशी ठेव. तुझ्यासाठी पण एक. उलटी आईच्या अंगावरच होते.

घरी पोचल्यावर बाळाच्या बाबतीत दोन गोष्टी मात्र कुणाचंही ऐकू नकोस. पहिली म्हणजे तीर्थ. पंचामृतात मध असतो आणि वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही, थेंबभर, बोटावर चाटवण्यापुरताही नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजांनी इतक्या लहान बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं आणि बाळ लुळं पडू शकतं. घरातली मोठी माणसं प्रेमानेच बोट पुढे करतात, त्यांना वाईट वाटू नये म्हणून आधीच सांगून ठेव, "हिचं तीर्थ तुम्ही तिच्या कपाळाला लावा". माझ्या घरी हे लगेच चाललं, कारण त्यात नको म्हणणं नाही, वेगळ्या जागी लावणं आहे. दुसरी गोष्ट कापूर. सर्दी झाली की बाळाच्या झबल्याला कापराची पुरचुंडी बांधायची पद्धत आहे, ती नको, आणि आरतीच्या तबकातली कापराची वडी मोठ्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, खडीसाखर समजून तोंडात घालतात आणि कापूर पोटात गेला तर मुलांना आकडी येते.

आरतीला झांजा-ढोलकी सुरू झाल्या की बाळाला आतल्या खोलीत ने, दार लोटून घे. कानात कापसाचे बोळे घालू नकोस, ते आत सरकतात, हवे असतील तर कानावरून घालायचे मऊ इअरमफ मिळतात. विसर्जनाला ढोल जवळ असेल तिथे बाळ नकोच. रात्रीचा जाखडीचा नाच मोठ्याला दाखवायला हरकत नाही, मात्र मागे उभं राहून आणि तो पेंगायला लागला की लगेच घरी, "आता थोडंच राहिलंय" म्हणत थांबायचं नाही. मच्छरदाणी मुंबईहूनच घेऊन जा, गावी त्या दिवसांत मिळेलच असं नाही. पाच महिन्यांच्या बाळाला वरचं पाणी लागत नाही, उकाडा आहे म्हणून कुणी चमच्याने पाजायला लागलं तर सरळ नाही म्हण आणि अंगावर जास्त वेळा घे.

आणि मोठ्याला कामात घे गं. मोदक वळायला बायका बसतील तेव्हा त्याला निवलेल्या उकडीचा लिंबाएवढा गोळा दे आणि बसव शेजारी, मोदकपात्र मात्र त्याच्या हातापासून लांब. तो जे काही वळेल, वाकडं, नाकाशिवायचं, ते वाफवून वेगळ्या वाटीत त्याच्या हाताने बाप्पासमोर ठेवायला लाव. बाळ आल्यापासून सगळे येऊन आधी पाळण्यात डोकावतात, त्याला ते कळत असतं. त्या वाटीसाठी तो चार दिवस शहाण्यासारखा वागेल असं मी म्हणत नाही, पण तो सण त्याचा होईल.

आईला सांग, मी सांगितलंय, काळजी घेऊन जाणार आहे म्हणून.

प्रश्न: मी साताऱ्याहून लिहितेय. गेल्या संक्रांतीला जावेच्या मुलाच्या बोरन्हाणात गोळा झालेल्या पोरांपैकी एकाच्या घशात शेंगदाणा अडकला, निघाला कसाबसा, पण मी फार घाबरले. येत्या संक्रांतीला माझी मुलगी दहा महिन्यांची असेल आणि मोठी तीन वर्षांची. बोरन्हाण करायचंच नाही असं माझ्या मनात आहे, घरचे नाराज आहेत.

उत्तर: तुमची भीती अगदी खरी आहे, ती सोडू नका, पण बोरन्हाण करा. संक्रांत ते रथसप्तमी एवढे दिवस हातात असतात, गर्दीचा रविवार टाळून एखादी सकाळ धरा.

नुसतं टाकायचं काय ते बदला. बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, शेंगा, रेवड्या आणि हल्ली त्यात जेम्सच्या गोळ्या, हे सगळं लहान मुलाच्या श्वासनळीच्या मापाचं आहे. बाळाच्या डोक्यावरून फक्त फुलांच्या पाकळ्या आणि मूठभर चुरमुरे घाला, मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाने तोंडात काही जात नाही ना ते बघायचं. ओवाळून झालं, फोटो झाले की बाळाला उचलून आत न्या आणि मग बाहेरच्या खोलीत मोठ्या पोरांसाठी बोरं-उसाचा खरा पाऊस पाडा, पाच वर्षांपुढच्या पोरांसाठी. नंतर केर काढल्याशिवाय रांगतं बाळ खाली सोडायचं नाही, पलंगाखालचं एक बोर आठ दिवसांनीही सापडतं. हलव्याचे दागिने फोटोपुरते घाला आणि काढा, थुंकीने दोरा ओला झाला की दाणे सुटून तोंडात येतात. तीन वर्षांच्या मोठीलाही अख्खे शेंगदाणे, फुटाणे नको, बोर द्यायचं तर बी काढून फोडी करून.

आणि मोठीचंही करा, सोबतच! पाच वर्षांपर्यंत बोरन्हाण करतातच, तेव्हा दोघींना काळी झबली शिवा, दोन पाट मांडा.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने शिकून ठेवायला हवी. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं, बाळ खोकू शकत नाही, रडण्याचा आवाज येत नाही, तर पालथं घालून आपल्या हातावर घ्यायचं, डोकं खाली, आणि तळहाताने दोन खांद्यांच्या मध्ये 5 थापट्या, जोरात. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी 5 वेळा दाबायचं, परत थापट्या, निघेपर्यंत. दुसऱ्या कुणीतरी तोपर्यंत 108 लावायचा. दिसत नसताना तोंडात बोट घालून उकरायचं नाही, वस्तू आणखी खाली जाते. आणि बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या, मध्ये हात घालू नका. बाळांच्या डॉक्टरांकडे पुढच्या लसीला जाल तेव्हा त्यांना करून दाखवायला सांगा, वाचून हात बसत नाही.

प्रश्न: मी वडील आहे, नाशिकचा. मुलाचा पहिला वाढदिवस आहे, आईवडिलांनी हॉल घेतलाय, रात्री आठला केक, दीडशे माणसं. मुलगा साडेसातला झोपतो. बायको म्हणते नको, आई म्हणते एकदाच येतो पहिला वाढदिवस. मोठी मुलगी अडीच वर्षांची. मी मध्ये सापडलोय.

उत्तर: तुम्ही मध्ये सापडला नाहीत, तुम्ही त्याचे वडील आहात, आईशी तुम्हीच बोला आणि बायकोच्या नावाने बोलू नका, "मला असं वाटतं" म्हणा. हॉलवाल्याला फोन करून सकाळी अकराची वेळ मिळते का बघा, बऱ्याचदा सकाळचा हॉल रिकामा असतो आणि भाडंही कमी पडतं. नाहीच मिळाली तर केक साडेसहाला कापा, बाळ सातला घरी, बायकोला किंवा तुम्हाला कुणाला तरी एकाला त्याच्यासोबत जायचंय हे आधीच ठरवा, उरलेले दीडशे जण निवांत जेवतील. घरातल्या मोठ्यांना हवं असतं ते औक्षण, ते तिथीने किंवा त्याच दिवशी सकाळी घरी करा, आजी-आजोबांच्या हातून, शांतपणे. माझ्या मते तोच खरा वाढदिवस.

फुगे फुटले की त्यांचे तुकडे लगेच उचलायला एक भाचा नेमून द्या, रबराचा तुकडा घशाला चिकटून बसतो. पापे घ्यायचे तर पायाचे घ्या असं हसत सांगा, सर्दी-खोकला असलेल्या माणसाने लांबूनच टाटा करावं.

तुम्ही पत्रात लिहिलंय हॉल जवळच आहे, स्कूटरवरून चौघं जाऊ. जाऊ नका. दुचाकीवर 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलासाठी चालकाला बांधलेला सेफ्टी हार्नेस आणि त्याच्या मापाचं हेल्मेट असा नियम 2022 मध्ये आलाय, वेगही ताशी 40 किलोमीटरच्या आत, आणि एका गाडीवर चौघं तर कुठल्याच नियमात बसत नाहीत. त्या रात्री रिक्षा करा, येतानाची सुद्धा आधी सांगून ठेवा.

मोठीला त्या दिवशी काय घालणार आहात ते तिलाच निवडू द्या, आणि केक कापताना तिचा हात सुरीवर तुमच्या हाताखाली असू दे.