आजोबांची जुनी इंग्लिश दुनळी : पुढे किंमत वाढेल का?

तुम्ही विचारलंय की आजोबांकडून आलेली १९३० च्या आसपासची इंग्लिश बारा बोअर दुनळी बंदूक घरात आहे, नीट सांभाळली तर सोन्यासारखी किंमत वाढत जाते का, की आत्ताच विकून टाकावी. आमच्याकडेही अशीच एक आहे, वेब्ली अँड स्कॉट या इंग्लिश कंपनीची, सावंतवाडीकडच्या घरात, शेतीसंरक्षणाच्या लायसनवर. आजोबांनंतर काकांच्या नावावर झाली आणि आता माझ्या नावावर व्हायची आहे, त्यामुळे हा सगळा अभ्यास मला करावाच लागला.

आधी सरळ उत्तर देतो. भारतात तरी बहुतेक दुनळ्यांची किंमत वाढत नाही, महागाई धरली तर उलट घटतेच. लोक म्हणतात की परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकात सामान्य माणसाला बंद झाली म्हणजे जुना इंग्लिश माल दुर्मिळ झाला, मग भाव चढणारच. पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या बाबतीत हे खरं आहे, जुन्या विलायती पिस्तुलाला इथे अजूनही लाखांत बोली लागते. पण दुनळी घेऊन माणूस करणार काय? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, ट्रॅप-स्कीट (हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरायचा खेळ) खेळणारी पोरं बेरेटा नाहीतर पेराझी या इटालियन कंपन्यांची एकावर एक नळीवाली बंदूक वापरतात, आणि त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात (आधी तीन होती), वारसाने आलेली पण त्यातच धरतात. म्हणजे ज्याच्याकडे आधीच एक रिव्हॉल्वर आहे तो राहिलेली एक जागा तुमच्या दुनळीसाठी का घालवेल? आमच्या बंदुकीला एका डीलरने जी किंमत सांगितली ती नव्या देशी दुनळीपेक्षाही कमी होती, काका त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

परदेशात चित्र वेगळं आहे पण तिथेही सगळ्याच बंदुका चढतात असं नाही. लंडनच्या पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, बॉस यांच्या हाताने घडवलेल्या साइडलॉक (चापाची कळ बाजूच्या पट्टीवर बसवलेल्या) बंदुकांना कायम गिऱ्हाईक असतं, आणि १ आणि २ असे नंबर टाकलेली जोडी पेटीसकट एकत्र असेल तर अजूनच. पण बर्मिंगहॅमची साधी बॉक्सलॉक (कळ मधल्या पेटीतच बसवलेली), म्हणजे १८७५ च्या अँसन-डीली पद्धतीची, जशी आपल्याकडे घरोघरी आली, तिचे भाव खुद्द ब्रिटनमध्ये पडलेत. त्यात फेब्रुवारी २०२० ला तिथल्या शिकार-नेमबाजीच्या नऊ संघटनांनी पाच वर्षांत शिशाचे छर्रे वापरणं बंद करायचं असं जाहीर केलं, आणि पातळ नळीच्या जुन्या बंदुकीत पोलादी छर्रे घालणं धोक्याचं, बिस्मथ या मऊ धातूचे चालतात पण महाग पडतात, मग नवा माणूस जुनी बंदूक घेताना दहा वेळा विचार करतो. अमेरिकेत तिथल्याच पार्कर किंवा विंचेस्टर मॉडेल २१ या दुनळ्यांना मान आहे, विशेषतः २० आणि २८ बोअरला (बाराहून बारीक नळी), पण तिथेही सगळा खेळ मूळ अवस्थेवर.

आणि ही मूळ अवस्थाच महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बंदुकीचा जीव नळीत असतो. नळ्या उतरवल्यात की खालच्या सपाट भागावर प्रूफ हाउसचे (नळ्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेचे) शिक्के दिसतील, त्यात नायट्रो प्रूफ, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा शिक्का, आहे का ते आधी बघा, नसेल तर ती जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूसाठीची आहे. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी असेल तर ती दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली नळी), तिच्यात आजचं काडतूस कृपा करून घालू नका, नायट्रो प्रूफ असली तरी जाणकाराला दाखवल्याशिवाय नाहीच. युद्धाआधीच्या बऱ्याच इंग्लिश बंदुकांचं चेंबर (काडतूस बसायची जागा) ६५ मिमीचं असतं आणि आज मिळणारं काडतूस ७० मिमीचं, ते आत बसतं म्हणून चालतं असं समजू नका, दाब वाढतो. मग नळीच्या भिंतीची जाडी, ती ०.०२० इंचापेक्षा (साधारण अर्धा मिलिमीटर) कमी झाली की जाणकार गिऱ्हाईक मागे सरकतो. आतून गंजाचे खड्डे पडले की ते घासून काढतात आणि तेवढीच भिंत पातळ होते, म्हणजे प्रत्येक दुरुस्ती किंमत खाते.

आमच्या बंदुकीचं नेमकं हेच झालं. निवडणुकीच्या काळात आमच्याकडे बंदूक पोलिसांकडे जमा करायला लावतात, एका वर्षी ती पावसाळ्यात कित्येक आठवडे ओलसर खोलीत गोणपाटात पडून होती, परत आली तेव्हा डाव्या नळीत खड्डे. आजोबांनी पन्नास वर्षं दर रविवारी तेलाचा बोळा फिरवलेली नळी होती ती, आजही आत बघितलं की वाईट वाटतं. तेव्हापासून आम्ही जमा करायची वेळ आली की लायसनवाल्या डीलरकडे देतो, पैसे जातात पण पावती मिळते आणि बंदूक कोरडी राहते.

दुसरं, दिवाळीत समई घासतो तशी बंदूक चकचकीत करायला जाऊ नका. दस्त्याला नवं पॉलिश, नळीला नवा काळा रंग, नक्षी परत कोरून घेणं, याने घरच्यांना बरं वाटतं पण संग्राहकाच्या लेखी निम्मी किंमत तिथेच गेली. जुनी पेटी, मूळ पावती, आजोबांचं पहिलं लायसन, सगळं जपून ठेवा. नळीवर कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा या कंपन्यांचं नाव असेल तर ते बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं, बंदूक घडलेली बर्मिंगहॅमची, त्यामुळे नुसत्या नावावर भुलू नका.

परदेशात पाठवून विकू म्हणाल तर तो रस्ता सोडा, शंभर वर्षं भरली की पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा निर्यातीच्या आड येतो आणि त्याआधी शस्त्र कायदा आहेच. इथल्या इथे दुसऱ्या लायसनधारकाला विकायची तरी ४५ दिवस आधी लेखी कळवावं लागतं.

माझा सल्ला विचाराल तर पैशासाठी ठेवू नका, पण घाईने विकूही नका, कारण एकदा गेली की तशी परत मिळणार नाही. वडिलांच्या नावावर असेल आणि त्यांचं वय ७० झालं असेल किंवा त्यांच्याकडे बंदूक २५ वर्षं असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वारसाच्या नावाने त्यांच्या हयातीतच अर्ज करता येतो, हे आत्ताच करून घ्या, नंतर सगळ्या भावंडांची संमती गोळा करत फिरावं लागतं. आणि नळीखालच्या शिक्क्यांचा स्पष्ट फोटो टाका, सिरीयल नंबर झाकून, कुठल्या काळातली आणि कुठल्या दारूसाठीची ते बघून सांगतो.