हिशेब आधी लोकांना दे

तू मदतसंस्थेच्या या कामात नवी आहेस, म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. देणगीदाराला अहवाल वेळेवर जातो, कारण तो गेला नाही तर पुढचा हप्ता अडतो. ज्यांच्या नावाने पैसा आला त्यांच्या हातात मात्र असं काहीच नसतं. म्हणून अंदाजपत्रक त्यांच्या भाषेत, आकड्यांसकट, सगळ्यांना दिसेल असं लाव. आपले पगार आणि प्रवासखर्चही त्यात येऊ देत. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा लोकांनी दोन तास प्रश्न विचारले. अवघड गेलं, पण त्यानंतरच ते बैठकीत मोकळेपणाने बोलायला लागले.

नुसत्या तक्रारपेटीने भागत नाही. पहिल्या तक्रारीचं काय झालं ते कळलं नाही, तर दुसरी येतच नाही, आणि आपल्याला वाटतं सगळं सुरळीत आहे.

२०१६ च्या ग्रँड बार्गेन करारात, म्हणजे मोठे देणगीदार आणि मदतसंस्था यांच्यातल्या करारात, मानवतावादी मदतीचा किमान २५ टक्के निधी २०२० पर्यंत स्थानिक संस्थांकडे शक्य तितका थेट पोहोचवायचं ठरलं होतं. एकूणात ते साधलं नाही. तेव्हा आपल्या स्थानिक भागीदार संस्थेला फक्त उपक्रमाचा खर्च देऊ नकोस; तिच्या हिशेबनिसाचा पगार, जागेचं भाडं, लेखापरीक्षण हेही करारात धर. आणि पहिल्याच मसुद्यात धर, नंतर कोणी ऐकत नाही.