सूर्याचं चित्र आणि बीपीची गोळी

अगं पोरी,

तुझी फाईल उघडली, चोवीसच्या चोवीस आयकॉन बघितले. काम सुबक आहे, त्यात वादच नाही. पण वर जे ठळक अक्षरात टाकलंयस ना, 'शब्दांपलीकडची जागतिक भाषा', ते वाचून मला माझाच एक जुना उद्योग आठवला.

बरीच वर्षं झाली, एका दवाखान्यासाठी औषधांच्या पुड्यांवर लावायचे स्टिकर मी केले होते, सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र, म्हटलं यात न कळण्यासारखं आहे काय. पंधरा दिवसांनी एक आजी आल्या, कनवटीची पुडी काढली तर सकाळच्या बीपीच्या गोळ्या जवळपास सगळ्या तशाच. विचारलं तर म्हणाल्या, "पावसापाण्याचे दिवस, ऊन कुठं पडतंय बाबा?" मी तर आधी हसलोच. चूक कुणाची ते घरी गेल्यावर कळलं.

आणि हे आपल्यासारख्या फुटकळ लोकांचंच होतं असं नाही. किरणोत्सर्गाचं ते तीन पात्यांचं चिन्ह १९४६ साली अमेरिकेतल्या बर्कलीत तयार झालं, जगभर लागलं, पण ज्याला कुणी शिकवलेलं नाही त्याला तो पंखाच वाटणार ना! शेवटी २००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नवीन चिन्ह आणलं, लाल त्रिकोणात किरणं, कवटी आणि पळणारा माणूस, तेही ११ देशांत १,६५० लोकांना दाखवून मग. तरी जुनं काढलं नाहीच, हे जोडीला, म्हणजे किरणोत्सर्गी माल असलेलं यंत्र कुणी खोलायला गेला तर आत दिसेल असं. का, तर भंगारवाल्याला धातू म्हणजे धातू. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू आला तेव्हा लोक आजारी पडले, एक जण तर गेला.

तू म्हणशील हातवारे तरी सगळ्यांना कळतात. नाही गं. इंग्लंड-अमेरिकेत बोलायला इंग्रजीच, पण तिथल्या कर्णबधिरांच्या साइन लँग्वेज पार वेगळ्या, एबीसीडी काढायला एकीकडे दोन हात लागतात, दुसरीकडे एकच. आपली भारतीय सांकेतिक भाषा आणखी तिसरीच. पण मजा पुढे आहे. वेगवेगळ्या देशांतले दोन कर्णबधिर भेटले की थोड्या वेळात त्यांच्या गप्पा सुरू होतात, आपण बोलणारे मात्र तिथं नुसते ओशाळं हसत उभे. ते काय करतात, एक खूण करून बघतात, समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही की लगेच दुसरी, नाहीतर नक्कल, नाहीतर सरळ बोट दाखवून मोकळे, आणि नजर सगळा वेळ चेहऱ्यावर. तुझ्या आयकॉनला समोरचा चेहरा दिसत नाही, अडचण आहे ती ही.

म्हणून ते शीर्षक आधी उडव. मग प्रिंट काढ, एसटी स्टँडवर जा, चहा सांग, शेजारच्याला विचार "हे काय वाटतंय?" आणि गप्प बस. समजावायला लागलीस की संपलं. (मला ते गप्प बसणं अजून जमत नाही, ते सोड.) चुकीची उत्तरं जशीच्या तशी लिहून आण, त्यांच्याच शब्दांत, सुधारून नको.

आणि अकरा नंबरचा तो पोटावर हात ठेवलेला माणूस, पोटदुखीचा, तो मी घरी दाखवला. तुझ्या काकू म्हणाल्या, जेवण झालेलं दिसतंय याचं.