बहिणाबाईंचे दोन कप्पे करू नकोस

प्रिय बाळा,

तुझी दोन्ही प्रकरणं वाचली, सावकाश वाचली. मेहनत दिसते त्यात, भाषा पण छान आहे. पण एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण पुढे थीसिस वाढला की मोडायला जीवावर येईल. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतली राष्ट्रीय वृत्ती आणि वैश्विक आशय असा तुझा टॉपिक, आणि तू सरळ दोन कप्पे पाडलेस, एकात जातं, मोट, चूल, सणवार टाकलेस आणि वर 'राष्ट्रीय' अशी पाटी लावलीस, दुसऱ्यात मन, मरण, सुखदुःख टाकलंस आणि त्याला 'वैश्विक' म्हणालीस. हे कप्पे मोड. एकच ओळ दोन्हीकडे असते गं, आणि ती कशी असते हे दाखवणं हेच तर तुझं काम.

मन वढाय वढाय घे, सगळ्यांना पाठ आहे म्हणून आपण ती बघतच नाही. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर.' मन चंचल आहे ही तक्रार काही नवी नाही, गीतेत सहाव्या अध्यायात अर्जुन तीच करतो, वारा मुठीत धरावा तितकं हे अवघड आहे म्हणतो. रामदासांनी तर मनालाच समोर बसवून श्लोक ऐकवले. बहिणाबाईंनी काय केलं, तर मनाला शेतात सोडलं. आणि शेत कुठलं, तर उभ्या पिकाचं, म्हणजे पेरणी झालीये, निंदणी-खुरपणी झालीये, वर्षाचं पोट त्यावर आहे आणि नेमकं तिथं ढोर घुसलंय, हाकललं की जातं चार पावलं आणि परत तिथंच. ज्या बाईनं असं ढोर भर उन्हात धावत जाऊन हाकललंय तिलाच हे सुचणार. आता हे राष्ट्रीय का वैश्विक? मन ताब्यात न राहणं जगात कुणालाही कळतं, पण त्यात नुकसान किती होतं हे त्या उभ्या पिकामुळे कळतं. पीक काढून टाक, मग उरतो नुसता उपदेश. म्हणजे माती वजा केली की वैश्विक होतं हा तुझ्या दुसऱ्या प्रकरणाचा पाया आहे ना, तोच डळमळीत आहे.

तुझ्या 'राष्ट्रीय' कप्प्यातल्या मोटेच्या कवितेबद्दल तू फक्त 'ग्रामीण सिंचनपद्धतीचं दर्शन घडतं' एवढं एक वाक्य लिहिलंयस, ते वाचून मला फार हळहळ वाटली. अगं 'येहेरीत दोन मोटा, दोन्हीमधी पानी एक' ही तिची सगळ्यात घट्ट बांधलेली कविता आहे! तू मोट चालताना बघितली नसणार, इंजिन आणि विजेचे पंप आल्यावर ती गेलीच. तर ऐक, चामड्याची मोट विहिरीत सोडायची, नाडा म्हणजे जाड दोर चाकावरून जातो, बैल धावेवरून, म्हणजे विहिरीजवळच्या उतारावरून, खाली उतरत गेले की भरलेली मोट वर येते, थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, पाणी ओतलं जातं आणि पाटाला लागतं, मग बैल मागं मागं सरकत चढ चढतात आणि मोट परत पाण्यात. दिवसभर हेच. बहिणाबाई हे बघतात आणि मोजायला लागतात, मोटा दोन पण पाणी एक, बैल दोन पण ओढ एक, उतरण आणि चढण ही नावं दोन पण धाव तीच. असं एकेक भाग घेत घेत ती शेवटी येते तिथं, 'मोट हाकलतो एक, जीव पोसतो कितीक.' इतका वेळ दोनाचं एक चाललं होतं, शेवटच्या ओळीत एकाचे अनेक झाले. द्वैत-अद्वैत शिकवायला ग्रंथ लागतात, इथे विहिरीच्या काठावर झालं आणि वर शेतकऱ्याचं मोठेपण पण आलं, त्याला एकदाही बळीराजा वगैरे न म्हणता. मला विचारशील तर या एकाच कवितेवर एक पूर्ण प्रकरण होऊ शकतं.

आता 'राष्ट्रीय वृत्ती' या शब्दाबद्दल. तू गुणांची यादी केलीस, सोशिकपणा, श्रद्धा, त्याग. अशी यादी कुठल्याही देशातल्या कुठल्याही खेड्यातल्या बाईवर चिकटवता येते, म्हणून ती काहीच सांगत नाही, आणि इथे तर ती चुकीचीही आहे. बहिणाबाई तिशीच्या आसपास विधवा झाल्या, त्यावरची 'आता माझा माले जीव' ही कविता परत वाच. 'जरी फुटल्या बांगड्या, मनगटी करतूत', करतूत म्हणजे कर्तबगारी. आणि 'लपे करमाची रेखा' या कवितेत ज्योतिषाला तोंडावर सांगते, 'नको नको रे जोतिषा, नको हात माझा पाहू, माझं दैव माले कये, माझ्या दारी नको येऊ.' यात सोशिकपणा कुठे आहे सांग बरं मला. ही बाई देव मानते, नशीबही मानते, पण नशीब वाचून दाखवणाऱ्याला दारात उभा करत नाही. देवाला प्रश्न करते, 'देवा, असं कसं मन' म्हणून त्याची झाडाझडती घेते. देवाशी घरच्या माणसासारखं भांडणं हे जनाबाईपासून आपल्याकडे चालत आलंय, जात्यावरच्या ओव्यांत तर किती सापडेल. तुला राष्ट्रीय वृत्ती शोधायची असेल तर या नात्यात शोध, गुणांच्या यादीत नको. आणि हेही लक्षात घे की बहिणाबाईंचा काळ 1880 ते 1951, म्हणजे स्वातंत्र्याची सगळी लढाई त्यांच्या हयातीत झाली, तरी जी गाणी आपल्या तोंडात आहेत त्यात देशाचं नाव घेऊन गर्जना नाही. देश त्यात आहे तो कामाच्या रीतीत.

तुलनेसाठी कुणी घेऊ का असं विचारलंस. रॉबर्ट बर्न्स घे. स्कॉटलंडचा शेतकऱ्याचा मुलगा, जन्म 1759, पहिलं पुस्तक 1786 साली किल्मार्नॉकला निघालं, फक्त 612 प्रती. त्याची उंदरावरची कविता बघ, नांगरताना उंदराचं घरटं मोडलं म्हणून तो त्या उंदराची माफी मागतो, आणि शेवटी म्हणतो की तुझं बरं, तुला फक्त आत्ताचं दुःख, मला मागचं आठवतं आणि पुढची भीती वाटते. त्याच्या शेजारी बहिणाबाईंची खोप्याची कविता ठेव. तिथं सुगरण आहे, 'तिची उलीशीच चोच, तेच दात, तेच ओठ, तुला देले रे देवानं दोन हात दहा बोटं.' दोघेही शेतातले, दोघांपुढे एवढासा जीव आणि त्याचं घरटं, पण बर्न्सचा माणूस खाली वाकून बघतोय आणि बहिणाबाईंचा माणूस मान वर करून बघतोय आणि त्याला लाज वाटावी असं विचारलं जातंय. हा फरक मोठा आहे. मात्र यावरून 'स्कॉटिश मन असं आणि भारतीय मन तसं' असं एका फटक्यात लिहून मोकळी होऊ नकोस, दोन कवितांवर दोन देश तोलता येत नाहीत. (जाताजाता, तो खोपा विणतो नर, निसर्गात तसंच आहे. कवितेत मात्र 'पिलासाठी तिनं' आहे. ही चूक म्हणून तळटीप देऊ नकोस, आईचं घर बांधणं तिला तिथं बघायचं होतं, एवढंच.)

बर्न्स घ्यायला सांगते त्याला आणखी एक कारण आहे. 1707 साली स्कॉटलंडचं पार्लमेंट गेलं, इंग्रजीचा दबदबा वाढला, तरी हा आपल्या बोलीत लिहित राहिला आणि तोच पुढे राष्ट्रकवी झाला, 1999 साली नवं पार्लमेंट सुरू झालं तेव्हा त्याचंच गाणं म्हटलं गेलं. गाणं कशाबद्दल, तर माणूस पैशानं नाही, माणूसपणानं मोठा. म्हणजे राष्ट्राच्या समारंभात म्हटलं गेलेलं गाणं जगातल्या कुठल्याही माणसाचं आहे. तुझे दोन कप्पे तिथं पण टिकत नाहीत.

आणि त्याच्या वाट्याला जे आलं तेच आपण बहिणाबाईंना दिलं, म्हणून सावध राहा. एडिनबर्गच्या एका मोठ्या लेखकानं त्याला देवानंच शिकवलेला नांगऱ्या म्हटलं, ते इतकं चिकटलं की त्याचं वाचन, त्याची कारागिरी याकडे लोकांचं लक्षच जाईना. बहिणाबाई लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या, मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी गाणी उतरवून घेतली, 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं, हे सगळं एकदाच, सुरुवातीला सांग आणि संपव. तुझ्या मसुद्यात 'निरक्षर असूनही' हे पानापानावर आहे. ते सगळं काढ. ओवी, कीर्तन, पोथी ऐकत तयार झालेला कान हे शिक्षणच आहे, आणि आश्चर्य वाटत राहिलं की माणूस कविता वाचायची थांबतो.

अजून एक, कोट देताना बहिणाबाईंची लेवा बोली सुधारू नकोस. काही ठिकाणी तू 'मियते'चं 'मिळते' केलंयस. तसं नको, मूळ प्रतीवरून परत तपासून घे, आणि मोठ्यांदा म्हणून बघ, जात्याची लय कानाला लागली की कुठली ओळ मोडली ते आपोआप कळेल.

आता काय कर, दोन प्रकरणांचं एक कर आणि फक्त मोटेची कविता घेऊन आठ-दहा पानं लिही. त्याआधी गावात ज्यानं स्वतः मोट हाकलली असेल असा कुणी म्हातारा माणूस सापडतो का बघ, त्याच्याजवळ निवांत बस, बैल मागं कसे घ्यायचे ते विचार, मोट हाकताना काही गायचे का तेही विचार. कविता त्यालाच वाचून दाखव आणि तो कुठल्या ओळीला मान हलवतो ते लिहून ठेव. ती पानं झाली की पाठव, बाकीचं त्यावर बोलू.